वजन कोणाचं धरू?

“चालवणार कोण?” अलाइनमेंटवाल्या बाईनं विचारलं, आणि दोघंही एकदमच म्हणाले, “मी.”

बाईनं मान वर केली. गाडी तिच्या लोखंडी फळ्यांवर चढून बसली होती, चारही चाकांना खेकड्याच्या नांग्यांसारखे पंजे लावून झाले होते, भिंतीवरच्या पडद्यावर गाडीचं चित्र उमटायला लागलं होतं, आणि हा प्रश्न तिनं रोजच्या सवयीनं, पाना पुसता पुसता विचारला होता. तिनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग त्याच्या सासऱ्यांकडे. त्याला वाटलं, हे आता हसण्यावारी जाईल. कायद्यानं गाडी त्याची होती. कागद त्याच्या नावावर, किल्ली त्याच्या खिशात, इथवर चालवत आणली होती तीही त्यानंच. सासऱ्यांना तर गेल्या उन्हाळ्यापासून गाडी चालवायला बंदी होती, आणि ती बंदी दुसऱ्या कुणी नाही, त्यानंच घातली होती. इतकं सगळं बाजूनं असूनही त्याचा ‘मी’ शाळेत बाहेर जाऊ का विचारणाऱ्या पोरासारखा निघाला, आणि नानांचा ‘मी’ दारावरच्या पाटीसारखा. “म्हणजे चालवणार मीच,” तो घाईनं म्हणाला. “पण गाडी नानांची.” हे वाक्य तोंडातून कसं गेलं ते त्याला कळलं नाही. बाहेर गेल्यावर मात्र ते पक्कं होऊन तिथेच उभं राहिलं.

“तसं नाही चालत,” बाई म्हणाली. “जुनी गाडी, त्यात वजनाला हलकी. चालवणारा बसला की एका अंगाला दबते. कंपनीच्या साध्या सेटिंगला कुणी नसलं तरी भागतं. तुम्हाला तुमच्या मनासारखं पाहिजे असेल तर माणूस आत बसलेला पाहिजे. वजन कोणाचं धरू?”

“माझं,” नाना म्हणाले आणि त्यांनी दार उघडलंसुद्धा.

खरं तर नानांना इथं कुणी बोलावलंच नव्हतं. तो सकाळी गाडी घेऊन एकटाच निघाला होता. निघताना बायको जिन्यापर्यंत आली होती, चपला न घालता, म्हणजे काहीतरी महत्त्वाचं असणार. “कंपनीचं सेटिंग करून आण,” ती म्हणाली. “नानांचं ते शर्यतीचं खूळ एकदाचं काढून टाक. त्यांना कळायच्या आत उरकून ये. आणि तेवढं एक काम तरी ठाम राहून कर.” ठाम हा शब्द त्याच्या बायकोच्या माहेरचा होता. त्या घरात माणसं ठाम बसत, ठाम जेवत, ठाम शिंकत. तो हो म्हणाला आणि गाडी बाहेर काढली. तो वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरला तेव्हा नाना तिथल्या बाकावर आधीच बसलेले होते, काठी गुडघ्यांत धरून, बसनं येऊन. त्यांना कुणी सांगितलं हे विचारण्यात अर्थ नव्हता. त्याच्या बायकोला पोटात गोष्ट ठेवता येत नाही, आणि वडिलांपासून तर नाहीच. “या, हँडलराव,” नाना त्याच्या कानाच्या थोडं पलीकडे बघत म्हणाले होते. “उशीर केलात.”

हँडलराव हे नाव लग्न ठरलं त्या आठवड्यातलं. घरात तो पसंत पडला होता, मुलीला आवडला होता, सासूबाईंनी तर त्याची आवड-निवडही विचारून घेतली होती. नाना फक्त म्हणाले, “चला, एक चक्कर मारून येऊ.” तेव्हा ही गाडी नवी होती. दोनच दारं, बसकी, रस्त्याला पोट टेकवून चालणारी, आणि आवाज असा की शेजारच्या गल्लीतली कुत्री आधी भुंकायची आणि मग विचार करायची. त्या चकरेतलं त्याला फार आठवत नाही. एक पाण्याची टाकी आठवते, तिच्याभोवतीचं लांबलचक वळण, आणि त्या वळणात खिडकीतून समोरच्याऐवजी एकदम बाजूचंच जग दिसायला लागलं होतं ते. त्यानं दाराचं हँडल धरलं होतं. घरी येऊन तो सोफ्यावर बसला, सासूबाईंनी चहा पुढं केला, आणि कप घ्यायला मूठ उघडली तेव्हा हँडल त्याच्या मुठीतच होतं. स्क्रूसकट. त्यानं ते बशीशेजारी हळूच ठेवलं. सासूबाईंनी तर त्याच्यावर एक बिस्किटही ठेवलं, गोंधळून. लग्न मोडलं नाही एवढंच. पण त्या दिवसापासून त्याच्या पोटात त्या गाडीसाठी एक वेगळी जागा होती, आजारी माणसाच्या खोलीसारखी, जिच्यावरून जाताना आपोआप पावलं हळू पडतात. आणि आता तीच गाडी त्याच्या नावावर होती.

“आजोबा, मागे टेकून बसा. आणि हलू नका,” बाई म्हणाली.

“आजोबा कुणाला म्हणतेस?” नाना आतून म्हणाले.

“बरं, काका. हलू नका.”

नाना हलले नाहीत. फोटोला बसल्यासारखे बसले, हात स्टिअरिंगवर. स्टिअरिंग सरळ राहावं म्हणून बाईनं त्यात एक दांडा अडकवला होता आणि तो नानांच्या पोटात रुतत होता, पण नानांनी पोट आत घेतलं नाही, दांड्यालाच जागा करून घ्यायला लावली. तो पडद्याशेजारी उभा होता. ‘हलू नका’ हे त्याच्या चष्म्याच्या दुकानातलं वाक्य. हनुवटी इथं टेकवा, कपाळ पुढं, हलू नका. दिवसभर लोक त्याच्यासमोर हनुवटी टेकवून निमूट बसत. न्यायाधीश बसले होते, कुस्तीगीर बसले होते, एकदा तर त्याला शाळेत पट्ट्यांनी मारणारे मास्तर बसले होते आणि त्यानं त्यांना जरुरीपेक्षा थोडा जास्तच वेळ बसवून ठेवलं होतं. तेवढ्या खोलीत तो ठाम असे. अंधार, एक दिवा, आणि समोरच्या माणसाचं डोकं पट्ट्यात अडकवलेलं असलं की त्याला कुणाशीही बोलता येई. मुश्किल व्हायची ती माणसं मोकळी असली की.

नानाही तिथे बसले होते. नाना वर्षानुवर्षं संध्याकाळी दुकानात येऊन बसायचे, येणाऱ्याजाणाऱ्याला गाड्यांवर सल्ले द्यायचे, आणि सहा महिन्यांतून एकदा डोळे तपासून घ्यायचे. तक्ता समोर दिवा लावून ठेवला की नाना वरून खालपर्यंत धडाधड म्हणत. शेवटची ओळसुद्धा, जी त्याला स्वतःला चष्मा लावूनही धूसर दिसे. तो कौतुकानं मान हलवायचा. मग एकदा त्यानं नानांना पेला टेबलाच्या कडेबाहेर ठेवताना पाहिलं. पेला फुटला आणि नाना पेल्यालाच ओरडले. पुढच्या तपासणीला त्यानं काही न बोलता तक्ता बदलला. अक्षरांच्या जागी आकड्यांचा लावला. दिवा लावला आणि म्हणाला, वाचा. नाना खुर्चीत नीट बसले, घसा साफ केला आणि म्हणाले, “ग, प, ट, च.” पुढची ओळ. “म, र, ळ, ब, न.” न अडखळता, न थांबता, भिंतीवरच्या पाच, तीन, आठ, दोनकडे बघत त्यांनी जुना तक्ता शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून दाखवला आणि विचारलं, “नंबर वाढला नाही ना?” दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्याला आधी हसू आलं, मग त्यानं तक्त्याचा दिवा बंद केला. पुढं डोळ्यांच्या पडद्याचे डॉक्टर झाले, दिवे झाले, थेंब झाले. डोळ्यांची मधली नजर गेली होती, कडेची राहिली होती. चष्म्यानं सुटणारं काम नव्हतं. माणसाकडे नीट बघायचं तर नानांना त्याच्या बाजूला बघावं लागे. नाना सगळ्यांना सांगत, “जावयाला चष्मा लावता येईना, म्हणून गाडी काढून घेतली.” गाडी त्यांनी त्याच्या नावावर करून दिली, पण तिच्यात शेजारच्या सीटवर बसायला मात्र साफ नकार दिला. “शेजारी बसायला मी काय नवरी आहे?”

“सांगा काका, काय पाहिजे?” बाई गाडीखालून म्हणाली.

“पुढच्या चाकांना कॅम्बर उणे दोन. दोन्हीकडे. आणि टो बाहेर!”

उंटावर बसून शेळ्या हाकाव्यात तसे नाना वरून ओरडत होते. हे सेटिंग त्याला पाठ होतं, कारण गेले आठ-दहा महिने तो तेच चालवत होता. कॅम्बर म्हणजे समोरून पाहिलं तर पुढची दोन्ही चाकं वरून आत कललेली, खालून फाकलेली, शड्डू ठोकायला उभ्या राहिलेल्या पैलवानाच्या पायांसारखी. आणि टो म्हणजे वरून पाहिलं तर चाकांचे चवडे किंचित बाहेर. नानांचं म्हणणं, अशी गाडी वळणाचा नुसता विचार केला तरी आत शिरते. शिरत असेल. त्याला वळणाचा विचारच करायचा नसे. त्याला घर ते दुकान जायचं असे, सरळ रस्त्यानं, आणि सरळ रस्त्यावर ही गाडी कुत्र्यासारखी हुंगत चालायची, प्रत्येक चरीच्या मागे, प्रत्येक भेगेच्या मागे, एकदा तर चक्क एका बसच्या मागे. तो दोन्ही हातांनी तिला ओढून धरायचा आणि दुकानात पोचल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाचा डोळा तपासताना त्याची बोटं थरथरायची. परवा टायरवाल्यानं चाक काढून दाखवलं, तर बाहेरून टायर नवंकोरं आणि आतली कड गोटा, दोऱ्या दिसायला लागलेल्या. “कधी फुटलं असतं सांगता येत नाही,” टायरवाला आनंदानं म्हणाला होता.

बाई खालून बाहेर आली आणि त्याच्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाली, “पैसे कोण देणार? तुम्हीच ना? मग ठरवा. यांचं करू की काय करू?”

इथं ठाम राहायला पाहिजे होतं. नानांकडे वळून म्हणायचं होतं, नाना, आता गाडी मी चालवतो, मला साधं सेटिंग पाहिजे. एवढी दोन वाक्यं. काचेपलीकडे नाना बसले होते. या गाडीत त्यांना समोरून त्यानं कधी पाहिलंच नव्हतं. नेहमी बाजूनं, आणि तेही डोळे मिटून. त्यांचा चेहरा थोडा डावीकडे वळलेला होता, समोरचं दिसावं म्हणून. एखादी गोष्ट आठवत असल्यासारखे ते दिसत होते. त्यानं वाक्य जुळवलं, तोंड उघडलं आणि मग बोट उचलून पडद्यावरच्या एका ओळीवर ठेवलं. कंपनीचे आकडे होते ती ओळ. बाईनं बोटाकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, खांदे उडवले. “मला काय,” म्हणाली आणि खाली गेली.

एक बोल्ट गंजून बसला होता. बाईनं त्याला तेल पाजलं, शिवी दिली, मग हातोडा घातला. प्रत्येक घावाला गाडी थरारत होती आणि नाना आतून “हळू, हळू” म्हणत होते, दाताच्या दवाखान्यात नातवाचा हात धरून बसल्यासारखे. पडद्यावरचे तांबडे आकडे एकेक करून हिरवे व्हायला लागले. चाकं उभी राहायला लागली. त्याला हायसं वाटत होतं, पण काचेपलीकडच्या नानांकडे बघवत नव्हतं.

“काय दाखवतंय?” नानांनी विचारलं. “वाचा बघू.”

पडद्यावर उणे अर्ध्याच्या आसपासचं काहीतरी होतं. “उणे दोन,” तो म्हणाला.

“उजवं?”

“तेही उणे दोन.”

“टो?”

“बाहेर,” तो म्हणाला. “किंचित बाहेर. अगदी नानांचं.” आवाज स्वच्छ निघाला, एका दमात, कुठे अडखळला नाही. इतक्या खणखणीत आवाजात तो आयुष्यात सासऱ्यांशी बोलला नव्हता. बाईनं खालून तोंड बाहेर काढून एकदा त्याच्याकडे पाहिलं. त्यानं भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीत लक्ष घातलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्याची त्याला जुनी सवय होती, पण भांडं नसतानाच ताक मागायची वेळ पहिल्यांदाच आली होती. आपण भिंतीकडे बघून म्हणतोय आणि भिंतीवर काही निराळंच आहे, हे कुणीतरी अगदी असंच पूर्वी केलेलं आहे, असं त्याला वाटलं. कुणी केलं होतं ते आठवलं, तेव्हा कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

“एक चक्कर मारून या,” बाई म्हणाली. “स्टिअरिंग सरळ राहतंय का बघा. मी तोवर जेवून घेते.”

नाना उतरले. क्षणभर कुणी कुठे बसायचं ते ठरेना. मग तो चालवायच्या बाजूला बसला, आणि नानांना परत बाकावर सोडून जाणं बरं दिसेना म्हणून म्हणाला, “येता का?” नाना येतील असं त्याला वाटलंच नव्हतं. पण आपलं सेटिंग लागलंय या आनंदात नवरीबिवरी विसरून ते गाडीला वळसा घालून आले, शेजारी बसले, पट्टा उलट्या खांद्यावर शोधत राहिले, आणि पायांनी खाली काहीतरी चाचपलं, जे तिथे नव्हतं.

गाडी शहाण्यासारखी चालली. भेगा आल्या, चरी आल्या, तिनं कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही. त्यानं एक हात सोडून बघितला. गाडी सरळच. त्याला इतकं बरं वाटलं की तो शीळ घालणार होता. रस्ता दोन्ही बाजूंनी गोदामांचा, दुपारचा रिकामा. एक साधं वळण आलं. त्यानं स्टिअरिंग फिरवलं, गाडीनं जरा वेळ विचार केला, मग म्हातारी सोफ्यावरून उठावी तशी वळली.

दुसरं वळण आलं आणि गेलं.

“उणे दोन नाही हे,” नाना म्हणाले.

त्यानं उगाच गिअर बदलला.

“डोळे गेलेत, हँडलराव. ढुंगण शाबूत आहे.”

त्याला वाटलं, आता गाडी कुठंतरी आपटली तर बरं. “कुणी सांगितलं? पोरीनं?” नानांनी विचारलं. हो म्हणणं सोपं होतं, आणि खरंही होतं. बायको रागावली असती, पण ती रागावायची सवय होती दोघांनाही. बोटाखालच्या पडद्याचा गार स्पर्श त्याला अजून जाणवत होता. “मीच केलं,” तो म्हणाला. “मला भीती वाटते हिची. सरळ जात नाही. दुकानात पोचेपर्यंत माझे हात गळून जातात. त्या टायरच्या दोऱ्या तुम्ही बघितल्या नाहीत.” शेवटचं वाक्य त्याला परत घ्यायचं होतं, पण नानांनी ते घेतलंच नाही. ते खिडकीकडे तोंड करून बसले होते, म्हणजे बहुतेक समोर बघत होते.

“आणि तक्ता?” नाना म्हणाले. “तक्ताही तूच बदललास.”

“हो.”

“नीच काम केलंस.” नानांनी पट्टा सारखा केला. “बरं केलंस. त्याच्या आदल्या आठवड्यात मी एक सायकलवाला पाहिला नव्हता. घंटी वाजवली म्हणून कळला.” मग ते एकदम चिडून म्हणाले, “पण म्हणून माझ्याशी खोटं वाचायचं? मला सांगायचंस. मी ओरडलो असतो. मग ओरडून झालं असतं.”

हे इतकं सोपं होतं हे त्याला इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. ओरडून झालं असतं. तो ज्या घरात वाढला तिथं कुणी ओरडत नसे, तिथं माणसं दार हळू लावून घेत आणि मग ते आठवडाभर उघडत नसे. त्याला नानांचं ओरडणं नेहमी पुराच्या सुरुवातीसारखं वाटत आलेलं, आणि नाना म्हणत होते की तो नुसता नळ होता, सोडला की वाहायचा आणि बंद केला की बंद. ‘हँडलराव’ कुठंतरी मागच्या वळणावर गळून पडले होते आणि आपल्याला अरे-तुरे चालू झालंय, हेही त्याच्या आत्ता ध्यानात आलं. त्यानं रिकाम्या रस्त्यावर गाडी वर्कशॉपकडे परत वळवली.

बाईचा डबा अर्धा झाला होता. “स्टिअरिंग वाकडं राहतंय का?” तिनं विचारलं.

“नाही. सेटिंग बदलायचंय,” तो म्हणाला. आणि आपणच बोलतोय हे त्याला बोलता बोलता ऐकू आलं. “कलणं यांचं ठेवा. उणे दोन. चवडे मात्र सरळ करा, बाहेर नकोत. म्हणजे सरळ जाईल ना?”

“जाईल की. आतून जरा झिजेल, पण मघासारखी खाणार नाही टायर.”

“टो बाहेरच पाहिजे!” नाना म्हणाले.

“नाही,” तो म्हणाला.

नाना ओरडले. वर्कशॉपच्या पत्र्याला घुमेल इतकं ओरडले. चवडे सरळ ठेवायचे तर गाडी कशाला, बैलगाडी घ्या. आम्ही काय तेव्हा मूर्ख होतो. चष्म्याच्या काड्या वाकवणाऱ्यांनी चाकाला हात लावू नये. बाई घास हातात धरून ऐकत राहिली. तोही उभा राहून ऐकत राहिला. तो जागचा हलला नाही. मग खरोखरच ते झालं. नाना थांबले, खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं आणि बाईला म्हणाले, “ऐकलंस ना? कलणं माझं, चवडे त्याचे. आणि वजनही त्याचंच धर. तू बस रे आत.”

तो आत बसला. सीट अजून नानांच्या मापाची होती, तिच्यात तो पेल्यातल्या चमच्यासारखा कलंडला. “फारच हलके आहात हो तुम्ही,” बाई म्हणाली, “हलू नका.” दांडा त्याच्या पोटाला लागलाही नाही. काचेतून त्याला दिसत होतं, नाना पडद्याला नाक लावून, मान तिरकी करून उभे होते आणि प्रत्येक आकडा बाईला विचारत होते. “हिरवं का?” “हिरवं.” “नक्की?” “अहो काका, मी कशाला खोटं बोलू?” “तुझं नाही म्हणत मी.” गाडीखालून पान्याचे झटके येत होते आणि ते त्याच्या कण्यातून वर टाळूपर्यंत जात होते. हलायचं नाही म्हटल्यावर नाकाला खाज सुटली. रोज आपल्यासमोर हनुवटी टेकवून बसणाऱ्यांच्या नाकाला काय होत असेल याचा त्यानं कधी विचारच केला नव्हता. आपल्या वजनानं एक गाडी थोडीशी खाली गेलेली आहे आणि एक बाई जेवण टाकून ते थोडंसं मोजते आहे, याचं त्याला फार नवल वाटलं. त्याला कुणी असं धरलेलं त्याच्या आठवणीत नव्हतं.

या वेळी नानांनी ‘येता का’ची वाट बघितली नाही. त्यांनी शेजारचं दार उघडलं आणि बसले.

सरळ रस्त्यावर गाडी सरळ होती. पण शहाणी नव्हती. हाताखाली काहीतरी जागं होतं. त्यानं मान न वळवता बघितलं तर नाना डोळे मिटून बसले होते, पाठ सीटला घट्ट लावून, ऐकत असल्यासारखे. “पुढे टाकी आहे,” ते म्हणाले. “तिथून घे.” टाकी आली. लांबलचक वळण तसंच होतं, भोवतीचं गवत तेवढं वाढलं होतं. त्यानं सवयीनं आधीच ब्रेक दाबला, स्टिअरिंगला नुसता हात लावला, आणि गाडी आत शिरली. विचारलं नाही, थांबली नाही, आत शिरली, आणि बाहेरचं चाक रस्त्यावर असं रोवलं गेलं की त्याला ते स्वतःच्या तळपायाखाली कळलं. पोटात काहीतरी वर आलं. त्याला वाटलं ती जुनी भीती असेल, पण ते तोंडातून बाहेर पडलं तेव्हा हसू होतं. मोठ्यांदा, वेडगळ, एकट्यानं हसायचं हसू. वळण संपलं. त्यानं पुढं गाडी फिरवली आणि टाकीला उलट्या अंगानं वळसा घातला. मग परत सुलट. मग परत. प्रत्येक वेळी थोडी जास्त. खिडकीतून बाजूचं जग पुढं येत होतं आणि त्याची त्याला काही हरकत नव्हती. आपण पन्नाशीला आलो आहोत, आपल्याला दुकान आहे, दुकानात दुपारी दोन गिऱ्हाइकं येणार आहेत, हे सगळं बाहेरच्या गवतासारखं मागे मागे जात होतं. नाना गप्प होते. इतके गप्प त्यांना त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला वाटलं, भरून आलं असेल. आपली गाडी, आपलं वळण, आणि दुसऱ्याचे हात. त्याचंही मन भरून आलं आणि त्यानं नानांसाठी म्हणून आणखी एक वळसा घेतला.

“थांबव,” नाना म्हणाले.

“का? काय झालं?”

“थांबव म्हणतो ना!”

त्यानं गाडी कडेला घेतली. नानांनी दार उघडलं, पाय बाहेर टाकले आणि गवतात वाकून भडाभडा ओकले. तो पळत गाडीला वळसा घालून गेला. इतकी वर्षं नाना या गाडीत चालवायच्या बाजूनंच बसलेले. शेजारी बसलेल्या माणसाचं काय होतं ते त्यांच्या पोटाला ठाऊकच नव्हतं. त्यानं त्यांच्या कपाळाला हात लावला, लहान मुलाचं धरतात तसं. कपाळ घामानं गार झालं होतं. हातात आलेलं डोकं नवल वाटावं इतकं जड होतं. खिशात फोन वाजायला लागला, बायकोचा असणार, झालं का कंपनीचं असं विचारणार असणार. तो वाजत राहिला आणि नाना ओकत राहिले. दोन्ही एकदमच थांबले.

मागच्या सीटवर पाण्याची बाटली होती, ती त्यानं आणून दिली. नानांनी चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं, रुमाल शोधला, सापडला नाही, त्याच्या सदऱ्याची बाही ओढून तिला तोंड पुसलं. चेहरा पांढरा पडला होता आणि डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी त्याच्या कानाच्या जरा पलीकडे बघितलं, म्हणजे नीट त्याच्याकडेच बघितलं.

“उत्तम लागलीय,” नाना म्हणाले.

मग गाडीच्या टपाला धरून ते उठले, हळूच वळले, शेजारच्या सीटवर परत बसले, आणि या वेळी पट्टा पहिल्या झटक्यात सापडला.

“चल. अजून एकदा घे,” ते म्हणाले. “आणि ब्रेक इतका लवकर कशाला मारतोस?”